शंभर वॅट घरी, पाच वॅट डोंगरावर: हॅम स्टेशनचा डेसिबेलमधला जमाखर्च

हॅम रेडिओचा परवाना हातात पडला की नवख्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रिग कोणती घेऊ? रिग म्हणजे पडदा आणि बटणं असलेला तो खोका, ज्यातून बोलणंही होतं आणि ऐकणंही. प्रश्न स्वाभाविक आहे, कारण फोटोत तोच उठून दिसतो. पण माझ्या मते हे आधी कळस मग पाया झालं. स्टेशन चालणार की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा खोक्याच्या बाहेर लागतो: छतावरच्या तारेत, तिथपर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये आणि शेजारच्या खोलीत लावून ठेवलेल्या मोबाइल चार्जरमध्येसुद्धा.

हा छंदच ज्यांना नवा आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. परीक्षा देऊन परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे हवेतलं स्वतःचं ओळखनाव, मिळवलेली माणसं ठरावीक फ्रिक्वेन्सींवर थेट एकमेकांशी बोलतात. मध्ये मोबाइलचा टॉवर लागत नाही की इंटरनेट. ३ ते ३० मेगाहर्ट्झ म्हणजे एचएफ. इथल्या लहरी जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरातून, वळून खाली येतात, म्हणून दुसऱ्या खंडाशी गप्पा होऊ शकतात. त्याच्या वर व्हीएचएफ आणि यूएचएफ. त्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि हँडी म्हणजे हातात धरायचे सेट तिथे चालतात. बँडचं नाव लहरीच्या लांबीवरून पडतं. ३०० ला मेगाहर्ट्झने भागा: ७ मेगाहर्ट्झचा ४० मीटर बँड, १४ चा २० मीटर, १४५ चा २ मीटर. कोणत्या बँडवर किती ताकद वापरायची, हे प्रत्येक देशाचा परवाना ठरवतो.

आता डेसिबेल. हे गुणोत्तर मोजायचं माप आहे. ३ डेसिबेल म्हणजे दुप्पट, ६ म्हणजे चौपट, १० म्हणजे दसपट, २० म्हणजे शंभरपट. यात गुणाकाराऐवजी नुसती बेरीज-वजाबाकी करावी लागते. त्यामुळे रिगपासून समोरच्याच्या कानापर्यंतच्या साऱ्या प्रवासाचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा मांडता येतो: केबलने इतके खाल्ले, अँटेनाने इतके दिले, बाकी इतकी.

रिगच्या मीटरवर एस१ ते एस९ अशा खुणा असतात. ठरलेल्या प्रमाणानुसार दर खूण ६ डेसिबेलची आणि एचएफवर एस९ म्हणजे अँटेनाच्या सॉकेटशी ५० मायक्रोव्होल्ट. प्रत्यक्षातले मीटर इतके काटेकोर नसतात, पण अंदाजाला पुरतात. १०० वॅटच्या रिगला ४०० वॅटचा ॲम्प्लिफायर जोडला तर ताकद चौपट, म्हणजे ६ डेसिबेल, म्हणजे समोरच्याचा काटा एक खूण पुढे. बस्स. उलट १०० वरून ५ वॅटवर आलात तर १३ डेसिबेलचा तोटा, म्हणजे दोन खुणांहून जरासा जास्त. जो एस९ ने ऐकू येत होता, तो एस७ च्या थोडा खाली येतो, आणि शांत बँडवर एस७ म्हणजे चांगला खणखणीत सिग्नल. पाच वॅटवाले लोक हा उद्योग करतात तरी कसा, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

घर: तार, केबल आणि तो बदनाम एसडब्ल्यूआर

घरच्या स्टेशनची पहिली अँटेना म्हणून मी डोळे मिटून डायपोल सांगेन. सारख्या लांबीच्या दोन तारा, मध्ये केबल, दोन टोकांना इन्सुलेटर. एकूण लांबी मीटरमध्ये हवी असेल तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं. ७.१ मेगाहर्ट्झला सुमारे २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १० मीटरच्या आसपास. हे गणित उघड्या तारेचं. प्लास्टिकचं वेष्टण असलेल्या तारेत लहर थोडी मंदावते, म्हणून तिची लांबी दोन ते पाच टक्के कमी लागते. शिवाय जमीन, भिंत, पत्र्याचं छत सगळेच आपापला हात मारतात.

म्हणून तार आधी मुद्दाम लांब ठेवायची आणि मोजत मोजत कमी करायची. हल्ली नॅनोव्हीएनए नावाचं तळहाताएवढं उपकरण मिळतं. ते अँटेनाला जोडलं की पडद्यावर एक वक्र रेघ येते, आणि तिची दरी जिथे असेल तिथे तुमची तार जुळलेली असते. समजा दरी ६.८ मेगाहर्ट्झवर दिसली, तर तार लांब आहे. कापू नका. दोन्ही टोकांकडची तार सारख्या अंतराने मागे दुमडा, स्वतःभोवती घट्ट गुंडाळा आणि पुन्हा मोजा. दरी वर सरकताना डोळ्यांदेखत दिसते. अँटेना म्हणजे काय, हे त्या अर्ध्या तासात जितकं कळतं तितकं महिनाभर वाचून कळत नाही. एक काळजी मात्र घ्या. डायपोलच्या मध्यात करंट जास्त असतो आणि टोकांना व्होल्टेज. १०० वॅटला ते शेकडो व्होल्टमध्ये जातं. टोकं कुणाच्या हाताला लागतील अशी बांधू नयेत.

डायपोल किती उंच बांधायचा? दूरवर बोलायचं तर अर्धी लहर, म्हणजे ४० मीटर बँडला २० मीटर. सात मजली इमारतीची उंची झाली ही. सहसा जमत नाही. पण सात-आठ मीटरवर बांधलेली तार वाया जात नाही. तिचा सिग्नल जवळजवळ सरळ वर जातो आणि आयनांबरावरून छत्रीसारखा खाली पसरतो. काहीशे किलोमीटरच्या परिघातल्या गप्पांना हीच ठेवण सर्वांत उत्तम. २० मीटर बँडचा डायपोल मात्र १० मीटर उंचीवरच अर्ध्या लहरीला पोहोचतो, म्हणून मर्यादित जागेतून परदेशी बोलायला तो बँड सोपा पडतो.

तिथपर्यंत जाणारी केबल ५० ओहमची कोॲक्स, म्हणजे मध्ये तार आणि भोवती धातूची जाळी असलेली. इथे वहीत खर्चाची पहिली मोठी नोंद होते. आरजी-५८ ही बारीक केबल ३० मीटर टाकली तर ७ मेगाहर्ट्झला डेसिबेल-सव्वा डेसिबेल जातो, म्हणजे पाऊण ताकद पोहोचते. चालून जातं. तीच केबल १४५ मेगाहर्ट्झला सहाच्या आसपास डेसिबेल खाते. रिगमधून निघालेल्या २० वॅटपैकी अँटेनाशी उरतात पाच, बाकी १५ वॅट केबल गरम करण्यात जातात. त्याच जागी एलएमआर-४०० सारखी जाड केबल टाकली तर तोटा दीड डेसिबेलवर येतो. ऐकण्याच्या बाजूलाही हाच फरक पडतो. एचएफवर बाहेरचीच खरखर इतकी असते की केबलने सिग्नल आणि खरखर दोन्ही सारखेच कमी केले तरी कानाला फरक कळत नाही. व्हीएचएफवर बाहेर शांतता असते, रिसीव्हरची स्वतःची खरखर वरचढ ठरते, आणि केबलमध्ये गेलेला डेसिबेल कायमचा गेलेला असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि एसडब्ल्यूआर. केबल आणि अँटेना यांचं किती जुळतं, याचा हा आकडा. एकास एक म्हणजे तंतोतंत. यावरून लोक झोप उडवून घेतात, म्हणून आकडे सरळ पाहू. दीडास एकला ४ टक्के ताकद उलट फिरते, दोनास एकला ११, तीनास एकला २५ टक्के. दीड काय आणि सव्वा काय, समोरच्याला कळतसुद्धा नाही. वर जाऊन तार पुन्हा कापत बसण्यात अर्थ नाही. दोनच्या वर गेलं की बहुतेक आधुनिक रिग स्वतःच्या बचावासाठी ताकद कमी करतात, तिथे मात्र लक्ष घालावं.

याहून महत्त्वाचं म्हणजे एसडब्ल्यूआर चांगला आहे, एवढ्यावरून अँटेना चांगली आहे असं ठरत नाही. डमी लोड, म्हणजे चाचणीसाठीचा ५० ओहमचा रेझिस्टर, एकास एक दाखवतो आणि त्यातून कुणाशीही बोलणं होत नाही. जुनाट, पाणी शिरलेली केबलही शॅकमधल्या, म्हणजे स्टेशनच्या खोलीतल्या, मीटरवर सुरेख आकडा देते, कारण उलट फिरणारी ताकद ती वाटेतच गिळते. आकडा वर्षभर जैसे थे आणि लोक मात्र ऐकू येईनासे झाले, तर केबलचा जोड उघडून बघा. आतली तांब्याची जाळी काळी पडलेली असेल तर केबल बदलायची वेळ झाली.

ट्यूनरबद्दलही असाच गैरसमज आहे. रिगमधला ट्यूनर अँटेना ट्यून करत नाही, तो फक्त रिगला खूश ठेवतो. पलीकडच्या केबलमध्ये होणारा तोटा जिथल्या तिथे राहतो.

न दिसणारा शत्रू

हल्लीच्या घरात खरी अडचण असते नॉइजची, म्हणजे नको असलेल्या खरखरीची. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर, राउटरचे ॲडॅप्टर या सगळ्यांत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे स्विच असतात, आणि त्यांची घाण एचएफवर पसरते. दाट वस्तीत ४० मीटर बँडवर काटा काहीही न बोलता एस७ वर बसलेला आढळतो. एस५ ने येणारा माणूस मग तुमच्यासाठी अस्तित्वातच नसतो, रिग कितीही महागडी असो.

शोधायची पद्धत साधी आहे. रिग बॅटरीवर लावा, एक शांत फ्रिक्वेन्सी धरा आणि घराचा मेन स्विच बंद करा. काटा धाडकन खाली आला तर चोर घरातलाच. मग मेन चालू करून एकेक सर्किट जोडत जा. कोणत्या स्विचला काटा उडी मारतो ते पाहा आणि त्या सर्किटवरची उपकरणं एकेक करून काढा. बऱ्याचदा एखादाच भंगार ॲडॅप्टर निम्म्याहून जास्त खरखरीला जबाबदार निघतो. काटा हललाच नाही तर चोर शेजारी आहे. मग तांत्रिक कौशल्यापेक्षा गोड बोलणं जास्त कामाला येतं.

फेराइटची, म्हणजे चुंबकीय मिश्रणाची, कडी हा यावरचा मुख्य उपाय. एचएफसाठी ३१ नंबरचं मिश्रण घ्यावं. पण केबल कड्यातून एकदाच ओवून समाधान मानू नका. परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: पाच वेढे दिले तर अडवणूक साधारण पंचवीसपट. असाच एक चोक, म्हणजे कड्यावर केबलचे वेढे, डायपोलच्या मध्याशी बसवावा लागतो. तो नसेल तर कोॲक्सचं बाहेरचं आवरणच अँटेना होऊन बसतं आणि घरातली सगळी खरखर गोळा करून रिगमध्ये आणून ओततं.

पॉवर सप्लायचं काम त्यामानाने सरळ. रिग १३.८ व्होल्टवर चालते आणि १०० वॅट पाठवताना २० अँपिअरच्या वर करंट ओढते, म्हणून २५-३० अँपिअरचा सप्लाय लागतो. स्वस्त स्विचिंग सप्लाय स्वतःच नॉइज करतो, एवढं ध्यानात ठेवा. तारा जाड आणि आखूड हव्यात. २० अँपिअरला वाटेत ०.०५ ओहमचा अडथळा असला तरी एक व्होल्ट तिथेच गळतो, आणि मग बोलायला लागताच रिग बंद पडते. दोष मात्र बिचाऱ्या रिगला मिळतो. फ्यूज सप्लायच्या जवळ असावा. विजेच्या दिवसांत केबल रिगपासून काढून घराबाहेर ठेवायची. अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत उतरवणारा) आणि अर्थिंग जरूर करा, पण त्यांच्या भरवशावर केबल जोडून ठेवू नका. मेनची सुरक्षा अर्थिंग कुठल्याही कारणासाठी तोडायची नाही.

मग रिग? २०१६ साली आलेल्या आयकॉम आयसी-७३०० ने चित्र बरंच पालटलं. अँटेनाकडून आलेला सिग्नल थेट आकड्यांत बदलून पुढचं सगळं काम गणिताने करायचं, ही पद्धत तिने सर्वसामान्य हॅमच्या टेबलावर आणली. पडद्यावर अख्खा बँड दिसतो, कोण कुठे बोलतंय ते डोळ्यांना कळतं. आज त्या वर्गातली कोणतीही रिग घेतली तरी फारसं चुकणार नाही. जुनी, चालू स्थितीतली रिग घेऊन उरलेले पैसे तार, केबल आणि फेराइटवर घातले तर मला ते जास्त पटतं.

बाहेर: ऐकण्याचा हिशेब वेगळा, बोलण्याचा वेगळा

रिग पाठीवर टाकून टेकडीवर जाणारे हॅम पूर्वीपासूनच होते. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सोटा (समिट्स ऑन द एअर) हा उपक्रम सुरू झाला आणि या भटकंतीला शिस्त आली: ठरलेल्या शिखरावरून किमान चार संपर्क केले तर गुण, आणि गाडीच्या बॅटरीवर रिग चालवायची नाही. पोटा (पार्क्स ऑन द एअर) उद्यानांसाठी आहे, तिथे दहा संपर्क लागतात.

वही पुन्हा उघडू. समजा घरी नॉइज एस७ आहे आणि माळावर एस२. पाच खुणांचा फरक, म्हणजे कागदावर ३० डेसिबेल. पाच वॅटची रिग नेल्याचा तोटा १३. फायदा १७ चा, असं म्हणून लोक मोकळे होतात. पण या दोन नोंदी एका खात्यातल्या नाहीत. शांततेचे ३० डेसिबेल फक्त तुमच्या कानांना मिळतात. समोरचा त्याच्या गोंगाटात बसून तुमचे पाच वॅट शोधत असतो. त्यामुळे बाहेर गेल्यावर तुम्हाला अख्खं जग ऐकू येतं आणि तुम्ही हाक मारलेल्यांपैकी बरेच जण उत्तर देत नाहीत. यात यंत्राचा दोष नाही. यावर युक्ती अशी, की स्वतः एका फ्रिक्वेन्सीवर ठाण मांडून सीक्यू, म्हणजे ‘कुणीही उत्तर द्या’ ही हाक, पुकारत राहायचं. ज्यांच्याकडे शांतता आहे, ते आपोआप येतात.

व्हीएचएफवर गणित आणखी बदलतं, कारण तिथे उंची हेच उपकरण. रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये म्हणजे मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला सुमारे ४.१ ने गुणायचं. मैदानात दीड मीटरवर धरलेल्या हँडीला पाच किलोमीटर. चारशे मीटरच्या एकट्या डोंगरावर तीच हँडी ८२ किलोमीटर पाहते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाशी पाच वॅटमध्ये बोलणं होतं ते याच जोरावर. हँडीसोबत येणारी आखूड रबरी अँटेना मात्र दुधाची तहान ताकावर भागवणारी. २ मीटर बँडला पाव लहर हवी ती अर्ध्या मीटरची. निदान ४९ सेंटीमीटरची एक तार हँडीच्या अँटेना-सॉकेटच्या बाहेरच्या धातूला जोडून शेपटीसारखी खाली सोडा. अँटेनाला तिचा हरवलेला अर्धा भाग मिळतो आणि फरक समोरच्याला कळतो.

एचएफसाठी एंड-फेड ही सोयीची अँटेना. ४० मीटर बँडसाठी २० मीटर तार एका टोकाने काठीवर किंवा फांदीवर चढवायची, दुसऱ्या टोकाला छोटा ट्रान्सफॉर्मर. अर्ध्या लहरीच्या तारेचा टोकाशी अडथळा अडीच हजार ओहमच्या घरात असतो, म्हणून ४९ ला १ असा ट्रान्सफॉर्मर. ५० गुणिले ४९ म्हणजे २,४५०. तीच तार २०, १५ आणि १० मीटरवरही चालते. तार वर न्यायला फायबरग्लासची सहा ते दहा मीटरची दुर्बिणीसारखी उलगडणारी काठी घ्या. कार्बन फायबरची काठी हलकी असते, पण ती वीजवाहक आहे आणि तारेचं सगळं जुळलेलं बिघडवते. झाडं नाहीत, काठी नाही, तर साधारण पाच मीटरची उभी अँटेना आणि जमिनीवर पसरलेल्या चार तारा, हा २० मीटर बँडसाठी चांगला पर्याय. जमिनीवरच्या तारा कंटाळा करून टाळल्या की निम्मी ताकद माती तापवण्यात जाते.

रिगच्या बाबतीत यासू कंपनीची एफटी-८१७ आणि तिची पुढची आवृत्ती एफटी-८१८ यांनी एक पिढी घडवली: एचएफपासून यूएचएफपर्यंत सगळं, वजन किलोच्या थोडं वर. २०२० च्या आयसी-७०५ मध्ये स्वतःच्या बॅटरीवर ५ आणि बाहेरच्या पुरवठ्यावर १० वॅट मिळतात.

बॅटरीचा हिशेब मात्र प्रत्येकाने स्वतः करावा. पाच वॅटची रिग ऐकताना ०.४ आणि बोलताना सुमारे २ अँपिअर घेते असं धरा. चौथाई वेळ बोललात तर सरासरी ०.८. तीन अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साडेतीन तास पुरते, आणि तिचं वजन त्याच कामाच्या शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहूनही कमी असतं. मोठा फरक म्हणजे ती जवळजवळ रिकामी होईपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास टिकून राहते. शिशाची बॅटरी बोलता बोलता घसरते आणि अर्धी शिल्लक असतानाच रिगला नकोशी होते. लिथियमची ही जात शून्य अंशाच्या खाली मात्र चार्ज करायची नाही.

पाच वॅटमधून जास्तीत जास्त काय निघतं ते मोड, म्हणजे संदेश पाठवायची पद्धत, ठरवतो. एसएसबी, म्हणजे साधं बोलणं, अडीच हजार हर्ट्झच्या आसपास रुंदी घेतं. मोर्स दीडशेच्या आसपास. म्हणून तीच ताकद मोर्समध्ये कितीतरी पुढे जाते. ज्यांना बोलायचंच आहे त्यांनी रिगमधला स्पीच कॉम्प्रेसर माफक चालू ठेवावा. काही डेसिबेल फुकटात मिळतात. आणि २०१७ पासून एफटी८ आहे. पल्सारवरच्या कामासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालेले जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी तो घडवला. फक्त ५० हर्ट्झ रुंदीत, पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत संगणक छोटे संदेश पाठवतो. कानाला नुसती खरखर वाटते, तेव्हाही तो उलगडतो. गप्पा होत नाहीत, कॉलसाइन आणि सिग्नल किती चांगला आला त्या रिपोर्टची देवघेव तेवढी होते. म्हणून काहींना तो रुक्ष वाटतो. मलाही वाटतो, पण अँटेना बाहेर कुठवर पोहोचते हे तपासायला त्याच्याइतकं सोपं साधन नाही.

डोंगरावर एफटी८ करणार असाल तर दोन गोष्टी. यात निम्मा वेळ रिग पूर्ण ताकदीने पाठवत असते, म्हणून वरच्या बॅटरीचे साडेतीन तास अडीचवर येतात आणि छोटी रिग तापते. ताकद निम्म्यावर आणली तर फक्त ३ डेसिबेल जातात. दुसरं, पाळ्या सेकंदाच्या हिशेबाने चालतात. जिथे नेटवर्क नाही तिथे लॅपटॉपचं घड्याळ तीन-चार सेकंद भरकटलेलं असलं तर पडद्यावर सिग्नलच्या रेघा भरपूर दिसतात आणि एकही उलगडत नाही. यूएसबीवर लागणारा छोटा जीपीएस रिसीव्हर ते घड्याळ जुळवून देतो. तो नसेल तर मोबाइलच्या जीपीएसवर वेळ पाहून लॅपटॉपचं घड्याळ हाताने लावलं तरी काम भागतं.